अध्यक्ष मासारिक यांची निवृत्ति

आपल्याकडील जुन्या काव्यपुराणांतून राजानें वार्धक्यांत राज्य सोडावें हा मान्य संकेत आहे. रघुवंशांतील राजे पुत्राच्या मस्तकावर छत्र धरून वनाची वाट धरतात, आणि कवीला त्यांत खेद करण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. परंतु त्याच कुळांतील दशरथाची कथा आठवली म्हणजे या चित्राची दुसरी बाजू ध्यानांत येते. दशरथानेंहि म्हातारपण ओळखूनच रामास यौवराज्याभिषेक करण्याचें ठरविलें. सभेची संमति घेतली. मुहूर्तहि दुसऱ्या दिवसाचाच धरला. तरी मध्यें एक रात्र राहिली, आणि त्या एका रात्रींत सारें विपरीत घडलें. वृद्ध सत्ताधीशाचा निवृत्तीचा निश्चय आणि वारसाचा अभिषेक यांच्यामधला जो काळ, तोच राजकारणाचा खरा काळ होय, हें आदिकवीनें फार पूर्वींच दाखवून ठेविलें आहे.

लोकसत्ताक राज्यांत ही अडचण अधिकच बिकट होते. तेथें अध्यक्षास आपली खुर्ची सोडतां येते. पण ती कोणास द्यावी हें ठरविण्याचा अधिकार त्याचा नसतो. अशा एका राज्यांतील थोर व वृद्ध अध्यक्षानें, हा अधिकार नसतांहि, आपला वारस आपल्या डोळ्यांदेखत त्या खुर्चीवर कसा बसविला, आणि त्यासाठीं त्याच्या भोंवतालच्या मंडळींनीं काय काय जुळवाजुळव केली, याची हकीकत येथें सांगावयाची आहे. तो अध्यक्ष म्हणजे झेकोस्लोव्हाकियाचे टॉमस मासारिक.

14 डिसेंबर 1935 रोजीं प्रागजवळच्या लानी येथील वाड्यांत पंचाऐंशी वर्षांच्या मासारिकांनीं आपल्या पदाचा राजीनामा दिला. त्यांच्या कचेरीचे प्रमुख शामाल यांनीं तो वाचून दाखविला. त्याचा आशय थोडक्यांत असा होता कीं, अध्यक्षपद जोखमीचें आहे, त्यास पूर्ण शक्ति लागते आणि ती आतां आपल्या ठिकाणीं उरलेली नाहीं. पुढें एक शिफारस होती. आपल्यामागून परराष्ट्रमंत्री एडवर्ड बेनेश यांना निवडावें, असें चार वेळां निवडून आलेल्या त्या वृद्धानें राष्ट्रास सुचविलें. चवथ्या दिवशीं, 18 डिसेंबरला, बेनेश निवडून आले. सामान्य पुस्तकांतून एवढेंच सांगितलेलें असतें, आणि वाचणाराच्या मनावर एका तत्त्वज्ञाच्या निःस्पृहतेचा ठसा उमटतो.

हा प्रसंग मीं एकदां वर्गांत सांगितला, तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, मग हा त्याग म्हणावा कीं डाव?” प्रश्नांत उद्धटपणा नव्हता, आणि उत्तर देऊं गेलों तेव्हां तें वाटलें तितकें सोपें नाहीं असें मला आढळून आलें.

मासारिक हे जन्मानें राजकारणी नव्हते. मोराव्हियांतील होदोनिन गांवीं 1850 मध्यें एका इस्टेटीवरील गाडीवानाच्या घरीं त्यांचा जन्म झाला, आणि 1882 मध्यें ते प्राग येथें तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षीं प्रागचें जुनें विद्यापीठ झेक आणि जर्मन असें दुभंगलें. भांडारकर संस्थेच्या द्वारें पुण्यास ज्यांचें नांव परिचित आहे, ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे पुरस्कर्ते विंटरनिट्झ पुढें यांतील जर्मन विद्यापीठांत होते. मासारिक झेक विद्यापीठांत. 1886 च्या सुमारास, झेक राष्ट्राच्या प्राचीन वैभवाचा पुरावा म्हणून पुजलीं जाणारीं कांहीं हस्तलिखितें बनावट आहेत असें म्हणणाऱ्यांची बाजू मासारिकांनीं उघडपणें घेतली आणि स्वजनांच्या शिव्याशाप ओढवून घेतले. 1899 मध्यें हिल्सनेर नांवाच्या एका गरीब यहुदी माणसावर खुनाचा खटला झाला, आणि हा खून म्हणजे धार्मिक विधीसाठीं घेतलेला बळी आहे अशी आवई उठली. त्याहि वेळीं या खुळ्या समजुतीविरुद्ध ते एकटे उभे राहिले. खोट्याच्या पायावर राष्ट्र उभें राहत नाहीं, हें त्यांचें सूत्र होतें. पुढें अध्यक्षाच्या ध्वजावर ‘सत्याचा जय होतो’ या अर्थाचें जें वचन आलें, तें आपल्या राष्ट्रमुद्रेवरील वचनाचें सख्खें भावंड शोभावें असें आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, या प्राध्यापकानें देशत्याग केला. चार वर्षें परदेशांतून स्वराज्याची खटपट केली. आणि 14 नोव्हेंबर 1918 रोजीं नव्या राष्ट्रानें त्यास अध्यक्ष निवडलें.

1920 च्या घटनेनें अध्यक्षाची मुदत सात वर्षांची ठेविली आणि एकाच माणसानें लागोपाठ दोहोंहून अधिक वेळां ती भोगूं नये असा निर्बंध घातला. मात्र पहिल्या अध्यक्षास हा निर्बंध लागूं नाहीं, असें त्याच घटनेंत म्हटलेलें होतें. कृतज्ञतेपोटीं केलेला हा अपवाद पुढील सर्व गुंतागुंतीचें बीज ठरला. राष्ट्रपित्यास मुदत नाहीं म्हटल्यावर त्याच्या निवृत्तीची घटका घटना सांगेनाशी झाली. ती माणसांनीं शोधावयाची राहिली.

ही माणसें कोण? प्रागच्या टेकडीवर बोहेमियाच्या राजांचा जो जुना गड आहे, तेथेंच अध्यक्षांचें कार्यालय होतें. झेक राजकारणांत ‘गड’ हा शब्द हळूहळू एका गटाचेंच नांव होऊन बसला. हा कांहीं पक्ष नव्हे; अध्यक्षांना मानणारे संपादक, लेखक, अधिकारी आणि निरनिराळ्या पक्षांतील पुढारी यांचें तें एक सैल वर्तुळ होतें. त्याच्या केंद्रस्थानीं मासारिक आणि 1918 पासून परराष्ट्रखातें संभाळणारे बेनेश. गडाच्या समोर उभे होते पक्ष. आणि त्यांत सर्वांत बलाढ्य होता कृषक पक्ष. या पक्षाचे पुढारी श्वेह्ला हे मासारिकांच्या तोलाचे मुत्सद्दी. गडाशीं भांडावें कधीं आणि जुळतें घ्यावें कधीं, हें त्यांस बरोबर कळे. परंतु 1933 च्या डिसेंबरांत ते वारले, आणि गड व पक्ष यांच्यामधला पूल खचला.

मे 1934 मध्यें मासारिकांवर अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. दृष्टीहि अधू झाली. त्याच महिन्याच्या 24 तारखेस अध्यक्षाची निवडणूक होती. अशा स्थितींत या वृद्धास चवथ्यांदा उभें करण्यांत आलें. त्यांस 327 मतें पडलीं. कम्युनिस्टांचे उमेदवार गोटवाल्ट यांस 38. शपथविधीहि त्यांस मोठ्या कष्टानेंच पार पाडावा लागला. अध्यक्ष सहा महिन्यांहून अधिक काळ कामास असमर्थ राहिल्यास त्याचा प्रतिनिधि निवडण्याची तरतूद घटनेंत होती. पण प्रतिनिधीची निवड म्हणजे वारसाच्या लढाईस अवेळींच तोंड लागणें; तें गडास नको होतें. म्हणून ती तरतूद तशीच राहिली, आणि दुखण्याचें खरें स्वरूप लोकांपासून झांकून ठेवण्यांत आलें.

या वागणुकीस दोष देण्यापूर्वीं शेजारच्या देशाकडे पाहिलें पाहिजे. जर्मनीचे अध्यक्ष हिंडेनबुर्ग हेहि 1932 मध्यें चौऱ्यायशीव्या वर्षींच पुन्हां निवडून आलेले होते. मासारिकांच्या चवथ्या निवडणुकीला तीन महिने झाले नाहींत तोंच, 2 ऑगस्ट 1934 रोजीं, ते वारले. ते मृत्युशय्येवर असतांनाच, आदल्या दिवशीं, अध्यक्षपद व प्रधानपद एक करणारा कायदा करून हिटलरनें ती खुर्ची गिळली. वृद्ध अध्यक्ष वारसाची सोय न लावतां खुर्चीवरच मेला म्हणजे काय होतें, हें प्रागच्या गडानें उघड्या डोळ्यांनीं पाहिलें. बेनेश यांना निवडून आणण्याची त्यांची घाई केवळ महत्त्वाकांक्षेची नव्हती. तिच्या मुळाशीं धास्ती होती.

आणि बेनेश यांची निवड तर मुळींच सोपी नव्हती. हुशार, कष्टाळू, पण रुक्ष असा हा एक्कावन्न वर्षांचा गृहस्थ अनेकांस खुपत असे. कृषक पक्षाच्या उजव्या गटास त्यांचें राष्ट्रसंघावर विसंबणारें परराष्ट्रधोरण पसंत नव्हतें. 16 मे 1935 रोजीं सोव्हिएट रशियाशीं झालेला तह तर त्यास अधिकच खटकला. त्याच महिन्यांतल्या निवडणुकींत हेनलाइनच्या सुडेटन जर्मन पक्षानें बारा लाखांवर मतें मिळवून सर्व पक्षांत पहिला क्रमांक पटकावला. जागा मात्र कृषक पक्षास 45 आणि हेनलाइन यांस 44 मिळाल्या. अध्यक्षाची निवड दोन्ही सभागृहांनीं एकत्र बसून करावयाची, आणि पहिल्या फेऱ्यांत तीन-पंचमांश मतें हवींत, असा नियम होता. म्हणजे कृषकांनीं ठरविलें तर त्यांस वाट अडवितां आली असती.

येथें गडानें पहिली सोंगटी हलविली ती मिलान होजा यांची. 5 नोव्हेंबर 1935 रोजीं होजा प्रधानमंत्री झाले. ते कृषक पक्षाचेच. पण स्लोव्हाक, आणि या राज्यांतील पहिलेच स्लोव्हाक प्रधानमंत्री. विरोध ज्या पक्षांतून येणार त्याच पक्षाचा माणूस सरकारच्या शिरोभागीं असला म्हणजे विरोधाची धार बोथट होते, हें साधें तत्त्व. पांच आठवड्यांनीं लानीचा राजीनामा आला. मध्यें फक्त चार दिवस ठेविले होते. दशरथानें एक रात्र ठेविली आणि ती त्यास भोंवली. गडाच्या मंडळींना चारच दिवस द्यावयाचे होते, पण त्यांतहि मंथरा जाग्या झाल्याच.

कृषकांतील बेरान व स्तोउपाल यांच्या पुढाकारानें उजव्या पक्षांची एक आघाडी झाली. तिनें उमेदवार निवडला तो विलक्षणच: बोहुमिल न्येमेत्स, नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. वनस्पतींच्या मुळांस खालची दिशा कशी उमगते, याचा उलगडा करणाऱ्यांत त्यांचें नांव आहे. एका प्राध्यापकाच्या जागीं दुसरा प्राध्यापक, असें तें दर्शनी रूप होतें. आंतून मात्र बेनेश नकोत एवढेंच या आघाडीचें एकमत होतें. पण या शास्त्रज्ञास निवडून यावयाचें तर हेनलाइनच्या मतांवाचून गत्यंतर नव्हतें. ही गोष्ट जसजशी उघड झाली तसतसे आघाडींतलेच लोक कचरूं लागले. पाद्री ह्लिंका यांचा कॅथलिक स्लोव्हाक पक्ष प्रागशीं सदा भांडणारा. पण बेनेश यांनीं व्हॅटिकनशीं संबंध आधींच सुरळीत करून ठेविलेले होते, तिकडून अनुकूल शब्द आला, आणि होजांनीं स्लोव्हाक या नात्यानें मध्यस्थी केली. ह्लिंकांचीं मतें बेनेश यांच्याकडे वळलीं. मॉस्कोनें त्याच वर्षीं फॅसिझमविरुद्ध एकजुटीचें धोरण स्वीकारलेलें असल्यानें कम्युनिस्टांनींहि त्यांनाच मत देण्याचें ठरविलें. पोपचे अनुयायी आणि मार्क्सचे अनुयायी एकाच उमेदवाराच्या नांवाची चिठ्ठी पेटींत टाकतात, असा योग इतिहासांत क्वचितच येतो.

न्येमेत्स यांनीं मतदानापूर्वींच माघार घेतली. 18 डिसेंबरला गडावरील व्लादिस्लाव दालनांत 440 मतें पडलीं: बेनेश यांस 340, माघार घेतलेल्या न्येमेत्स यांस तरीहि 24, आणि कोऱ्या चिठ्ठ्या 76. त्या कोऱ्या चिठ्ठ्यांत मोठा वांटा हेनलाइनच्या लोकांचा होता.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. डाव होता यांत संशय नाहीं. राजीनाम्याची तिथि केवळ प्रकृतीनें ठरविलेली नव्हती. तशी असती तर ती दीड वर्ष आधींच आली असती. परंतु मतें जुळविणें हें लोकसत्तेंत पाप नव्हे. ह्लिंकांस नाहीं म्हणतां आलें असतें; कृषकांस अडून बसतां आलें असतें; 76 जणांनीं कोरी चिठ्ठी टाकली आणि त्यांच्या केसालाहि धक्का लागला नाहीं. अखेरचा शब्द सभागृहाचाच राहिला. शेजारीं ज्या रीतीनें खुर्ची बदलली तिच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे हा फरक किती मोलाचा होता हें समजतें. वॉशिंग्टननें 1796 मध्यें निवृत्त होतांना वारसाचें नांव घेतलें नाहीं, हें त्याला अधिक शोभून दिसलें खरें. पण त्याच्या कुंपणापलीकडे हिटलर उभा नव्हता.

माझ्या मतें दोष आहे तो दुसरीकडे. मे 1934 पासून डिसेंबर 1935 पर्यंतचे ते एकोणीस महिने मला अधिक बोंचतात. जो माणूस राष्ट्राच्या आवडत्या हस्तलिखितांबद्दलहि खोटें सहन करीत नव्हता, त्याच्याच दुखण्याबद्दल राष्ट्रास सत्य सांगितलें गेलें नाहीं. ज्या गडावर सत्याच्या जयाचा ध्वज फडकत होता, तेथेंच सत्य पडद्याआड राहिलें. हें त्यांच्या अनुयायांनीं प्रेमापोटीं व भयापोटीं केलें. पण त्यामुळें लोकांस एक वाईट संवय लागली. राज्य घटनेवर उभें नसून एका माणसावर उभें आहे, आणि तो गेला तर त्याच्यासारखाच दुसरा शोधावा लागेल, ही ती संवय.

आणि एवढ्या कौशल्यानें राखलेली ती खुर्ची किती टिकली? 1938 च्या सप्टेंबराअखेर म्युनिचचा करार झाला. 5 ऑक्टोबर रोजीं बेनेश यांस पद सोडावें लागलें. तीन वर्षेंहि भरलीं नव्हतीं. म्युनिच कोणत्याहि अध्यक्षास टाळतां आलें असतें असें नाहीं; तो घाव बाहेरून आला. पण वारसाची तजवीज कितीहि चोख असली तरी ती राष्ट्राच्या सीमांचें रक्षण करूं शकत नाहीं, हें त्यांतून दिसलें.

मासारिकांस तें पाहावें लागलें नाहीं. 14 सप्टेंबर 1937 रोजीं लानी येथेंच ते वारले, आणि तेथल्या गांवच्या साध्या स्मशानभूमींत, पत्नीच्या शेजारीं, त्यांस मूठमाती देण्यांत आली. त्या विद्यार्थ्यास मीं अखेरीस एवढेंच सांगितलें: त्याग आणि डाव या येथें दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, त्याग मासारिकांचा खरा होता आणि डावहि खरा होता. डाव उघड्यावर मतांनीं खेळला गेला, म्हणून तो क्षम्य. फक्त तो खेळण्याआधीं, आपला अध्यक्ष आजारी आहे एवढें लोकांस सांगावयास हवें होतें.