हवालदाराचा जोडीदार

दिंडोशीत सत्र न्यायालयाची खरी इमारत आहे. तिथून थोड्याच अंतरावर, दादासाहेब फाळके चित्रनगरीच्या आवारात, चित्रीकरणासाठी उभारलेलं न्यायालय आहे, तुरुंग आहे, देऊळ आहे. राज्य सरकारने १९७७ मध्ये ही चित्रनगरी वसवली, आणि तेव्हापासून पडद्यावरच्या पोलिसांच्या कित्येक पिढ्या या डोंगरउतारावर चोरांमागे धावल्या. त्यांतली एक जोडी मराठी प्रेक्षकाने विशेष जिवाशी धरली आहे. एक साहेब आणि एक हवालदार. गुंडांना चोपणारे, आणि चोपता चोपता पोट धरून हसायला लावणारे. ही जोडी आली कुठून?

हॉलिवूडकडे बोट दाखवणं सोपं आहे. ऐंशीच्या दशकात तिकडे या प्रकाराला बहर आला होता. १९८२ मध्ये ‘फॉर्टी एट अवर्स’मध्ये एक गोरा पोलीस आणि एक काळा कैदी एकत्र आले. १९८४ च्या ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ने एडी मर्फीला जगभर नेलं. १९८७ मध्ये ‘लीथल वेपन’ आला. हिंदीनेही लगेच हात मारला. १९८४ चा ‘अंदर बाहर’ हा ‘फॉर्टी एट अवर्स’चाच देशी अवतार, अनिल कपूर आणि जॅकी श्रॉफ यांचा. पण आपल्या हवालदाराचं मूळ शोधायचं तर तमाशाच्या बोर्डावर जावं लागतं.

गण, गौळण झाली की बतावणी येते. दोघं उभे राहतात आणि शब्दाला शब्द भिडवून हशा पिकवतात. पुढे वगात राजा, प्रधान, कोतवाल, शिपाई अशी उतरंड लागते आणि सोंगाड्या सगळ्यात खालच्या पायरीवरून वरच्यांची टोपी उडवतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने साठच्या दशकात हा खेळ शहरी रंगमंचावर आणला. त्यातला हवालदार होते दादा कोंडके. इथे हवालदार आणि वरिष्ठ मित्र नाहीत. खालच्याने वरच्याला कसं गुंडाळलं, यातच सगळी गंमत आहे.

१९७५ मध्ये ‘पांडू हवालदार’ आला. अर्धी चड्डी घातलेला हा शिपाई मुंबईच्या रस्त्यावर उतरला तेव्हा त्याच्या सोबतीला अशोक सराफांचा सखाराम हवालदार होता. मराठी पडद्यावर पोलिसांची ठसठशीत विनोदी जोडी जमली ती इथे. दोघंही एकाच पायरीवरचे, साहेब वेगळाच. चित्रपट इतका गाजला की शिपायाला ‘पांडू’ म्हणून हिणवायची वाईट सवय लोकांना लागली. पण पडद्यावरचा पांडू लोकांना आवडला होता तो आपल्यातला वाटला म्हणून.

मग १९८२ उजाडलं. जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीस शिपाईच रस्त्यावर आले. तासांचा हिशेब नसलेली ड्युटी, अपुरा पगार, घरांचे हाल, साहेबांच्या घरची कामं, अशा तक्रारी वर्षानुवर्षं साचल्या होत्या. शहर शांत करायला लष्कर बोलवावं लागलं. शिपाई आणि साहेब यांच्यातली दरी तेव्हा साऱ्या मुंबईने उघड्या डोळ्यांनी पाहिली.

पुढच्याच वर्षी ‘अर्धसत्य’ आला. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा. त्यातला सब-इन्स्पेक्टर वेलणकर प्रामाणिक आहे आणि म्हणूनच एकटा आहे. वरून दाब, बाहेर गुंड रामा शेट्टी, आत धुमसणारा संताप. कोठडीतल्या माणसाचा त्याच्या हातून जीव जातो, आणि शेवटी तो रामा शेट्टीला मारून स्वतःला पोलिसांच्या हवाली करतो. एकट्या वर्दीचं काय होतं, हे इतकं निर्दय खरेपणाने क्वचितच कुणी सांगितलं असेल.

ऐंशीच्या दशकातल्या जोडगोळीची सारी ओढ मला या वेलणकरापाशी उलगडते. त्याच्याजवळ एक लक्ष्या असता तर?

१९८७ च्या ‘दे दणादण’मध्ये हा लक्ष्या आला. दिग्दर्शक महेश कोठारे स्वतः पोलीस अधिकारी, लक्ष्मीकांत बेर्डे शिपाई. लक्ष्याच्या अंगात अचाट बळ येतं आणि लाल रंग दिसला की ते गळून पडतं. ‘लीथल वेपन’ही त्याच वर्षीचा. दोन्ही कथांत काडीचंही साम्य नाही, पण आतली कळ एकच आहे. तिकडे बायको गेल्यावर जगण्याला विटलेल्या रिग्जला त्याचा जोडीदार मर्टॉ आपल्या घरात, जेवणाच्या टेबलावर जागा देतो. त्यांची मैत्री वर्णाची भिंत ओलांडते, आपली मैत्री फितीची. हाताखालचा शिपाई साहेबाचा जिवलग होतो. साहेब ‘डॅम इट’ म्हणून हात आपटतो, लक्ष्या अस्सल गिरगावी बोलीत त्याची समजूत घालतो. वगातला सोंगाड्या वरच्याची टोपी उडवायचा, इथे तो वरच्याला सावरतो. कोठारे-बेर्डे जोडीने या परंपरेत घातलेली मोलाची भर हीच, असं मला ठामपणे वाटतं.

या मैत्रीला शत्रूही तोलामोलाचे मिळाले. ‘थरथराट’चा टकलू हैवान, ‘धडाकेबाज’चा कवट्या महाकाळ, १९९३ च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. लक्ष्या पुढे प्रत्येक वेळी वर्दीत नव्हता, पण महेशच्या शेजारची जागा त्याचीच होती.

हे पाहणारा प्रेक्षक कोण होता? संपाने गिरणगावातली माणसं उपनगरांकडे लोटली गेली होती. दिंडोशीच्या माळावर मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने सामान्य माणसांसाठी हजारो घरं उभी केली. दिवसभर कुणा ना कुणा साहेबाचा हुकूम झेलून ही माणसं लोकलने घरी परतायची. साहेबाने खांद्यावर हात टाकलेला हवालदार पाहून त्यांना काय मिळत असेल, हे वेगळं सांगायला नको. त्या हसण्यात मानाची भूक होती.

२०२१ च्या ‘पांडू’त भाऊ कदम आणि कुशल बद्रिके या जोडीने पुन्हा खाकी चढवली आणि दादांना मुजरा केला. परंपरा जिवंत आहे, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. ‘विच्छा’च्या वगातल्या मैनावतीपासून आजवर बाई या खेळात आहे ती नाचायला, फशी पाडायला किंवा वाचवली जायला. प्रत्यक्षात बंदोबस्ताला, ठाण्याच्या टेबलावर, रात्रीच्या गस्तीला महिला शिपाई आहेत. जानेवारी २०२२ मध्ये राज्यात त्यांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा प्रयोग जाहीर झाला. म्हणजे १९८२ ची तक्रार चाळीस वर्षांनी त्यांच्यापुरती जेमतेम ऐकली गेली. दमलेल्या, एकमेकींना सांभाळणाऱ्या, हसणाऱ्या अशा दोघी आपल्या पडद्यावर यायला हव्यात. चित्रनगरीतला खोटा तुरुंग त्यांच्यासाठीही उभा आहे. त्यांची गोष्ट लिहिणाऱ्याने मात्र दादांची बोली आणि लक्ष्याची माया दोन्ही सोबत घ्यावी.