स्वालबार्डचा बंदोबस्त

नॉर्वेच्या उत्तर टोकापलीकडे, ध्रुवाच्या वाटेवर पसरलेला स्वालबार्ड हा हिमाच्छादित द्वीपसमूह 1596 साली विलेम बारेन्ट्स या डच नाविकाच्या दृष्टीस पडला. आणि पुढे लवकरच, ज्यांच्या तेलावर युरोपातील दिवे जळत त्या देवमाशांच्या लोभाने, इंग्रज व डच व्यापारी तेथील उपसागरांवर हक्क सांगत आपल्या गलबतांसोबत लढाऊ जहाजेही धाडू लागले. देवमासे सरले, तसे आरमारही ओसरले.

कोळशाच्या खाणी सुरू झाल्यावर या बिनमालकीच्या मुलखाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. 9 फेब्रुवारी 1920 रोजी पॅरिसमध्ये झालेल्या तहाने सार्वभौमत्व नॉर्वेकडे दिले, शिकारीचा व खाणकामाचा समान अधिकार सर्व करारकर्त्या राष्ट्रांच्या प्रजाजनांस राखला, आणि नवव्या कलमाने तेथे नाविक तळ वा तटबंदी उभारण्यास मनाई केली. या तहात हिंदुस्थानचेही नाव आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. 2008 साली भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र तेथे सुरू झाले.

शिबंदी नसलेला हा मुलूख दुसऱ्या महायुद्धात मात्र सुटला नाही. युरोपवर येणाऱ्या हवेची चाहूल उत्तरेत आधी लागते, म्हणून रशियाकडे जाणाऱ्या दोस्तांच्या जहाजांच्या काफिल्यांस आणि त्यांच्यावर टपलेल्या जर्मनांस, दोघांसही, तेथील वाऱ्याची व तापमानाची नोंद कोळशाहून मोलाची वाटू लागली. 1941 साली दोस्तांनी खाणवस्त्यांतील नॉर्वेजियन रहिवाशांस ब्रिटनला व रशियनांस अर्खांगेल्स्कला हलवले आणि कोळशाचे साठे पेटवून दिले. 1943 च्या सप्टेंबरात ‘टिर्पिट्झ’ व ‘शार्नहोर्स्ट’ या जर्मन युद्धनौकांनी उरलेल्या वस्त्यांवर तोफा डागल्या. ज्यांचा या युद्धाशी खाणीतल्या मजुरीपलीकडे काही संबंध नव्हता, त्या कुटुंबांच्या वस्त्या अशा दोन्ही बाजूंनी उजाड केल्या, याचे मला फार दुःख वाटते. एका दूरच्या बेटावर हवामानाच्या नोंदी घेणारे 11 जर्मन तर, युरोपातील युद्ध संपून जवळजवळ चार महिने लोटल्यावर, 1945 च्या सप्टेंबरात सील पकडणाऱ्या एका नॉर्वेजियन जहाजाच्या कप्तानास शरण गेले.

आता धोका समुद्रतळाशी आहे. स्वालबार्डवरील उपग्रह-केंद्रावर ध्रुवावरून फिरणाऱ्या उपग्रहांची माहिती उतरते आणि सागरतळावरील दोन तारांतून नॉर्वेत पोचते. 2022 च्या जानेवारीत त्यांतील एक तार निकामी झाली, आणि तपासाअंती मानवी हस्तक्षेपाचा संशय राहिला तरी पुराव्याअभावी पोलिसांना प्रकरण मिटवावे लागले.