विजापूर वेस ते चार हुतात्मा चौक : जुन्या सोलापूरची ओळख

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘विजापूर वेस’ म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. पण वेस म्हणजे काय, हे वर्गात विचारलं तर थोडीच मुलं हात वर करतात. वेस म्हणजे गावाच्या तटातला दरवाजा. ज्या गावाकडे वाट जायची, त्याचं नाव वेशीला मिळालं : विजापूर वेस, तुळजापूर वेस.

या शहराला एकेकाळी चहूबाजूंनी तट होता. वस्ती वाढू लागली तशी १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने त्याचा बराच भाग पाडला. भुईकोट किल्ला मात्र उभा आहे. बहामनी काळातला हा किल्ला पुढे निजामशाही आणि आदिलशाहीच्या भांडणाचं कारण झाला. चांदबीबीचा निकाह अली आदिलशहाशी झाला, तेव्हा तो आंदणात दिला गेला.

जुन्या पेठांतली घरं पांढऱ्या मातीची. जाड भिंती, वर लाकडी तुळयांवरचं माळवद, दारापुढे ओटा. उन्हाळ्यात आतून गार. मोमीन आणि पद्मशाली कुटुंबांत माग घरातच असायचा, म्हणजे घर तोच कारखाना. १८७७ मध्ये कापडगिरणी सुरू झाली आणि गल्लीतली माणसं भोंग्यावर उठू लागली. त्याच भरभराटीच्या काळात अप्पासाहेब वारद यांनी ‘इंद्रभुवन’ ही देखणी इमारत बांधली. आज तिथे महापालिका आहे.

रस्ता संपतो चार हुतात्मा चौकात. जुनी माणसं ‘चार पुतळे’ म्हणतात. मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांची बाजू मांडत आणि ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवत. चौघांचा गुन्हा एकच ठरवला, सजा एकच झाली, म्हणून पुतळेही एकाच ठिकाणी.

आता माळवदाची घरं पाडून स्लॅब पडतोय. कुटुंब वाढलं की घर वाढवावंच लागतं, त्यात गैर काही नाही. फक्त पाडण्याआधी एक फोटो काढा. पेटीतले जुने उर्दू, मोडी कागद रद्दीत घालू नका. आणि एखाद्या जुम्याला नमाजनंतर मुलांना हा रस्ता पायी दाखवा. आपण या शहराचे कोण, हे त्यांना तिथे उभं राहून जास्त चांगलं समजेल.