चंद्रकोरीचा छेद

पुरुषाची छाती स्त्रीसारखी वाढणे, या विकाराविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे चाल नाही. वैद्यकाच्या इतिहासाने मात्र असला संकोच बाळगला नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने या विकाराची नोंद केली. आणि सातव्या शतकात अलेक्झांड्रियात वैद्यकी करणाऱ्या एजिनाच्या पॉलने आपल्या सात खंडांच्या ग्रंथात त्यावरची शस्त्रक्रियाही लिहून ठेवली. छातीखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, आतील मेद सोडवून काढावा व टाके घालावेत. छाती फार ओघळली असल्यास दोन कोरी टोकाला जुळतील अशा कापून मधली कातडीही काढावी. हे सारे कशासाठी? दुखते म्हणून नव्हे. लोक बायकी म्हणून हिणवतात म्हणून! पुढे कोर्डोव्हाच्या अल् जहरावीनेही हीच कोर सांगितली.

त्या काळच्या रोग्याने हे भुलीवाचून सोसले. ईथरची भूल १८४६ साली बोस्टनला जाहीरपणे दाखवली गेली, आणि १८६७ साली लिस्टरने जंतुनाशनाची पद्धत प्रसिद्ध केली. १९४६ साली अमेरिकेतील वेबस्टर या शल्यवैद्याने छेद स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला नेला, म्हणजे व्रण लपला. त्यानंतर नळीने चरबी शोषून घेण्याची युक्ती आली.

वेदना गेली, व्रण लपला. सूज मात्र राहिली. लाली, सूज, ऊब आणि ठणका ही चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात सांगितली होती. स्कॉटिश शल्यवैद्य जॉन हंटर याच्या १७९४ सालच्या ग्रंथात तर असे प्रतिपादन आहे की, हा दाह म्हणजे रोग नव्हे, शरीराने चालविलेली दुरुस्ती आहे. आतला भाग काढल्यावर पोकळी राहते, तीत पाझर साचतो. लसिकेच्या बारीक वाहिन्या तुटलेल्या असतात, त्यामुळे तो लवकर ओसरत नाही. म्हणून कित्येक आठवडे छातीला घट्ट पट्टा. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण छातीचा खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. स्तनाग्राखाली लागणारी गाठ पुष्कळदा भरून येणाऱ्या व्रणाचीच असते. पहिल्या एकदोन दिवसांत एकच बाजू एकाएकी ताठून फुगली व ठणकू लागली, तर मात्र आत रक्त साचले असे समजून तत्काळ डॉक्टर गाठावा. लाली पसरून ताप आला तरीही थांबू नये.

आमच्या युनियनमधला एक तरुण हमाल उघड्या अंगाने पोती वाहताना वर्षानुवर्षे थट्टा सोसत होता. साठवलेल्या पैशांतून त्याने ही शस्त्रक्रिया करून घेतली. दहाव्या दिवशी मुकादमाचा निरोप आला: हौसेच्या ऑपरेशनला कसली रजा? थट्टा करणाऱ्यांत हाच मुकादम पुढे असे! पोराला वाटत होते, सूज उतरत नाही म्हणजे पैसे पाण्यात गेले. मी त्याला हंटरची गोष्ट सांगितली, आणि मालकापुढे शल्यवैद्याची चिठ्ठी ठेवली. तीत सहा आठवडे ओझे उचलू नये असे स्पष्ट लिहिले होते. दोन बैठका झाल्या. रजा मिळाली, पण बिनपगारी. पगाराचा अर्ज आम्ही पुन्हा दिला आहे.