पेढीवरील एक समूहचित्र

देवालयांच्या सभामंडपांत दात्यांची समूहचित्रे आपण नेहमीच पाहतो. पाहतो म्हणण्यापेक्षा त्यांच्याखालून जातो. निपाणीच्या एका जुन्या तंबाखू-पेढीवरील असेच छायाचित्र आम्ही या वेळी सावकाश न्याहाळले. खाली ना नावे, ना साल. पुढे खुर्च्यांवर वडीलधारे व्यापारी, बंद गळ्याचे कोट, हात गुडघ्यांवर. कोणाच्या डोक्यावर रुमाल, कोणाच्या पगडी, कोणाच्या काळी टोपी. मराठी, कानडी, गुजराती अशा निरनिराळ्या घरांची मंडळी एका रांगेत बसलेली दिसतात. चिकोडी भागातील या पेठेचे स्वरूपच तसे. मागे उभे ते बहुधा गुमास्ते. एकाने हिशेबाची वही छातीशी अशी धरली आहे की, जणू तीच खरी मालकीण!

ज्या विडी-तंबाखूवर ही पेठ उभी राहिली, ती पिकविणारे शेतकरी आणि वखारीत ती चाळणाऱ्या बाया मात्र चित्रात नाहीत. यात छायाचित्रकाराचा दोष नाही. त्यांना बोलावणेच नव्हते.

ती माणसे पुढे निराळ्या कारणाने जगासमोर आली. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी तंबाखूच्या भावासाठी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा जण बळी पडले. १९८२ मध्ये ‘युगांतर’ या चित्रपटमंडळाने कामकरी स्त्रियांच्या संघटनेवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा बोलपट काढला. त्यात त्या स्वमुखाने बोलतात.

आमच्या छायाचित्रात उजव्या कडेला वखारीचे दार अर्धवट उघडे आहे. आतले काही दिसत नाही.