चष्मा घरी राहिला: मोठ्या माणसांमधला डिस्लेक्सिया

"डॉक्टर, चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचून सांगा." हे वाक्य दवाखान्यात मी नेहमी ऐकतो आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण गॅरेज चालवणारे एक पंचेचाळिशीचे पेशंट तिसऱ्यांदा हेच म्हणाले, तेव्हा चष्मा त्यांच्या खिशातच दिसत होता. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या या माणसाला गोळ्यांच्या पाकिटावरची सूचना वाचताना घाम फुटत होता. मी एकच प्रश्न विचारला, "हे लहानपणापासून आहे की हल्ली सुरू झालं?"

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजायला थोडं मागे जाऊ या.

१८७७ मध्ये आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी 'शब्दांधत्व' हा शब्द वापरला. नजर चांगली, बोलणं ठीक, पण छापलेला शब्द वाचता येत नाही, अशी ही अवस्था. १८८७ मध्ये स्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी 'डिस्लेक्सिया' या नावाने पुस्तिका लिहिली. त्यांचे रुग्ण मोठी माणसं होती. आधी नीट वाचणाऱ्या या लोकांचं वाचन मेंदूच्या आजाराने बिघडलं होतं. गंमत बघा, आज आपण 'मुलांचा' समजतो तो शब्द मुळात मोठ्यांसाठी जन्माला आला!

मुलं चित्रात आली १८९६ मध्ये. इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो ७४९ गुणिले ८६७ हे गणित झटपट अचूक सोडवी, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करी आणि ती त्याच्या लक्षातही येत नसे. शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. त्याच्या मेंदूला इजा झालेली नव्हती, अडचण जन्मजात होती. पुढे ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिंशेलवुड यांनी १९१७ मध्ये अशा जन्मजात शब्दांधत्वावर पुस्तक लिहिलं.

तेव्हापासून सगळं लक्ष मुलांकडे वळलं. पण ही मुलं मोठी होतात आणि डिस्लेक्सिया त्यांच्याबरोबर राहतो. आपल्याकडे २००७ च्या 'तारे जमीन पर'ने हा शब्द घराघरांत पोहोचवला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. त्याआधी शाळा सोडलेल्या कित्येकांच्या वाट्याला मात्र 'ढ' हाच शिक्का आला.

आता तो प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा.

वाचन अचानक बिघडलं असेल, तर ती पक्षाघाताची खूण असू शकते. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं यांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

लहानपणापासून वाचन अतिशय संथ आहे, जोडाक्षरांवर अडखळायला होतं, ऱ्हस्व-दीर्घ कायम चुकतं, फॉर्म भरायचं टाळता, चारचौघांत वाचायची भीती वाटते, घरात आणखी कुणाला असाच त्रास आहे? मग तपासणी करून घ्या.

यासाठी रक्ताची चाचणी नाही आणि एमआरआयने निदान होत नाही. आधी डोळे आणि कान तपासावेत. मग चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शालेय इतिहास विचारतात, वाचनाचा वेग आणि अचूकता पाहतात, शुद्धलेखन तपासतात. अर्थ नसलेले, बनवलेले शब्दही वाचायला देतात, कारण ते पाठांतराने वाचता येत नाहीत आणि अक्षर-ध्वनीची जोडणी कच्ची असेल तर लगेच कळते. तुमचं शिक्षण ज्या भाषेत झालं, त्या भाषेतही चाचणी व्हायला हवी, हे आवर्जून सांगा.

त्या गॅरेजवाल्यांची तपासणी झाली आणि निदान डिस्लेक्सियाचंच निघालं. आता औषधांच्या वेळा ते मोबाइलवर माझ्या आवाजात रेकॉर्ड करून नेतात. चष्म्याचं कारण मात्र त्यांनी पुन्हा दिलेलं नाही.