जोडणी तारेत नसते

कोल्हापुरातून मुंबईला ट्रंक कॉल लावण्याचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना बोलण्याची सुरुवातही आठवत असेल. "हॅलो, ऐकू येतंय का?" "येतंय, माझं येतंय का?" "येतंय, बोला." कॉलचे पैसे पडत असले, तरी एवढं झाल्याशिवाय कामाचं कुणी बोलत नसे. इंटरनेटवर दोन संगणक बोलू लागतात, तेव्हा बहुतेक वेळा आधी हेच घडतं. या शिष्टाचाराचं नाव टीसीपी.

फरक एक आहे. ट्रंक कॉलला एक अख्खी वाट दोघांसाठी राखून ठेवली जाई. व्हिन्टन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये जी योजना मांडली, तिच्यात राखीव वाट नव्हतीच. मजकुराची छोटी पाकिटं मिळेल त्या वाटेनं जातात. काही हरवतात, काही रेंगाळतात, एखादं दोनदा पोचतं. मधलं जाळं कसलीच हमी देत नाही. हिशेब ठेवायचा तो दोन टोकांनी. प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, आणि पोच आली नाही की तेच पाकीट पुन्हा निघतं. जोडणी म्हणजे दोन्हीकडची ही आठवण.

पण नमस्कार तीनदा कशाला? कारण पहिला नमस्कार कालचा, वाटेत रेंगाळलेला असू शकतो. उसाच्या एकाच खेपेची पावती दोनदा नोंदली गेली तर काय होईल, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून समोरच्यानं आपला नवा क्रमांक द्यायचा आणि पहिल्यानं तो मान्य करायचा. ही तिहेरी पद्धत रे टॉमलिन्सन यांनी १९७५ मध्ये सुचवली. ई-मेलच्या पत्त्यात @ हे चिन्ह आणणारे तेच. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेचं आर्पानेट या पद्धतीवर आलं. निरोप घेतानाही घाई नाही. दोघांनी आपापलं बोलणं वेगवेगळं संपवायचं, आणि एकानं थोडा वेळ थांबायचं. १९८१ च्या नियमावलीत हा वेळ चार मिनिटांचा धरला आहे, वाटेतली उरलीसुरली पाकिटं तोवर विरून जावीत म्हणून.

हे सारं मला वारणा खोऱ्यामुळे आठवतं. तिथे १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा त्यातला मोठा हेतू होता.

आता समजा, अशा एखाद्या केंद्रातून नोंद पाठवताना वीज गेली. भारनियमनाचे ते दिवस मुद्दाम आठवून द्यायला नकोत. पलीकडच्या संगणकाला काहीच कळत नाही, त्याच्या लेखी जोडणी चालूच असते. इकडचा संगणक पुन्हा सुरू होतो तो सगळं विसरून. मग पलीकडून जुन्या ओळखीचं पाकीट आलं, की तो चक्क ओळख नाकारतो आणि जोडणी तिथेच मोडते. याहून नाजूक गोष्ट अशी की, टीसीपीची पोच म्हणजे मजकूर समोरच्या संगणकापर्यंत गेला, एवढंच. तो खातेवहीत चढला की नाही, हे ती सांगत नाही. टपाल्यानं घेतलेली सही आणि सावकारानं केलेली जमा, यांत जेवढं अंतर तेवढंच हे.

२००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी वारणेतल्या सात गावांत निराळा प्रयोग केला. शेतकऱ्यानं मोबाइलवरून लघुसंदेश पाठवायचा, उत्तरही लघुसंदेशानंच यायचं. यात दोन टोकांना एकाच वेळी जागं राहावं लागत नाही. संदेश मोबाइल कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि समोरचा फोन चालू झाला की पुढे जातो. आणि उसाचं वजन उत्तरात येतं, ते नोंदीतूनच काढलेलं असतं.